अण्णांनी गाडी वाढवली

आमच्या घरात ‘बंद’ आणि ‘संपलं’ हे शब्द फारसे ऐकू येत नसत. देवापुढचा दिवा वाढवायचा, दुकान वाढवायचं, आईच्या हातातली बांगडी पिचली तर ती वाढवली म्हणायचं. डब्यातले तांदूळ संपले की ते ‘वाढले’. अभद्र बोलू नये म्हणून उलटा शब्द. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांतही असंच बोलतात, पण तिथे भोवती सगळी मराठीच, त्यामुळे त्यात काही अडत नसावं. आम्ही राहतो काशीत, मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की हिंदी सुरू. माझे वडील, अण्णा, काशीतच जन्मले, हिंदी उत्तम बोलत. फक्त हा एक शब्द ते आतून बाहेर जसाच्या तसा घेऊन जात. एकदा श्राद्धाला बसलेल्या यजमानाला ते म्हणाले, “पंखा बढ़ा दीजिए.” यजमानानं मुकाट्यानं पंखा पाचावर केला आणि दर्भ, फुलं, पंचांग सगळं खोलीभर झालं. अण्णा स्वतःही खूप हसले. पण शब्द सुटला नाही.

अण्णा गेले त्याला आता दीड वर्ष होत आलं. त्यांच्याविषयी लिहायला बसले की मला ग्रंथ, पाठशाळा, घाटावरची सकाळ यांच्याआधी एक जुनी डिझेलची जीप आठवते. हे त्यांना आवडलं असतं की नाही, सांगता येत नाही.

जीप माझ्या धाकट्या भावाची. तो बँकेत नोकरी करतो. पौरोहित्य त्यानं लहानपणीच नाकारलं होतं आणि अण्णांनीही फार आग्रह धरला नाही. गल्लीत गाडी येत नाही, म्हणून ती मैदागिनच्या पलीकडे एका ओळखीच्यांच्या आवारात उभी असते. रविवारी सकाळी तो तिकडे जाई आणि दुपारी काळे हात घेऊन परत येई. आई त्याला हात धुतल्याशिवाय पाण्याच्या माठाजवळ फिरकू देत नसे.

अण्णांना एकदा बद्रीनाथला जायचं होतं. तिथे ब्रह्मकपालाच्या शिळेजवळ पितरांना पिंड देतात. अण्णांनी जन्मभर पंचगंगा घाटावर दुसऱ्यांची श्राद्धं केली. कोण कुठून आलेले लोक त्यांच्यासमोर बसून आपल्या आईबापांना पाणी देऊन जात. स्वतःच्या आईसाठी ब्रह्मकपालावर बसायचं मात्र राहून गेलं होतं. ती ते अगदी लहान असताना गेली. तिचा चेहराही त्यांना आठवत नसे, फक्त नाव आणि गोत्र. ते म्हणत, “तिच्यासाठी माझ्याकडून तेवढं एक व्हावं.” दुसरी कसली इच्छा त्यांनी बोलून दाखवल्याचं मला आठवत नाही.

भाड्याची गाडी करू, असं मी सुचवलं होतं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. “भाड्याच्या गाड्यांनी लोक माझ्याकडे येतात. मी माझ्या लेकाच्या गाडीनं जाईन.”

अडचण लेकाच्या गाडीची होती. जुनं, साधं डिझेल इंजिन. सपाट रस्त्यावर ठीक, पण चढावर धापा टाकायचं. त्यात वर जावं तशी हवा विरळ होते, इंजिनाला श्वास पुरत नाही, काळा धूर निघतो आणि ताकद जाते. भावानं ठरवलं की इंजिनाला टर्बो बसवायचा. गाडी कारखान्यातून त्याच्यासकट आलेली नव्हती, त्यामुळे नळ्या, जोड, आधाराच्या पट्ट्या सगळं आपणच बेतून करायचं. बँकेतून आला की तो मोबाइलवर त्याचेच व्हिडिओ बघत बसे. जेवताना त्यानं आम्हाला समजावून सांगितलं: इंजिनातून जो गरम धूर फुकट बाहेर जातो, त्याच्या जोरावर एक छोटं चाक फिरतं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं.

“म्हणजे आपल्याच उच्छ्वासावर आपला श्वास मोठा करायचा,” अण्णा म्हणाले. “हा तर उलटा प्राणायाम झाला.”

“तसंच समजा. पण एक आहे अण्णा, तो दांडा तेलाच्या थरावर तरंगत फिरतो. तेल क्षणभर तुटलं तरी जळून जातो.”

“निरंजनाचं तरी वेगळं काय आहे?” आई म्हणाली आणि त्याच्या ताटात भात वाढला.

अक्षय्य तृतीयेनंतर बद्रीनाथची दारं उघडतात. त्यानंतरच्या पंधरवड्यात निघायचं ठरलं. त्याआधी एका सकाळी लहरताऱ्याकडच्या एका गॅरेजमध्ये टर्बो बसवून इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं होतं. अण्णा हट्टानं आले. त्यांनी सोबत नारळ, हळद-कुंकू आणि मला घेतलं. गॅरेजचा मालक गप्पिष्ट माणूस होता; भावाची त्याच्याशी दोस्ती होती आणि दोघं एकमेकांना ‘गुरू’ म्हणत. टर्बोवर हळदीकुंकवाचं बोट लावून अण्णांनी मालकाच्या हातात नारळ दिला.

“लीजिए, नारियल बढ़ाइए.”

त्यानं नारळ हातात घेऊन अण्णांकडे पाहिलं. “कहाँ तक बढ़ाएँ, पंडितजी?”

“फोड़ने को कह रहे हैं,” भाऊ गाडीखालून ओरडला.

“त सीधे फोड़ना कहिए न. हम सोचे आगे किसको बढ़ाना है!” सगळे हसले. नारळ फुटला. खोबऱ्याचे तुकडे तिथल्या सगळ्यांना वाटले गेले.

मग मालक स्वतः चालवायच्या जागी बसला. भाऊ मागे जाऊन सायलेन्सरजवळ उभा राहिला, धुराचा रंग पाहायला. अण्णा उघड्या बॉनेटपाशी होते. मी त्यांच्या मागे, हातात त्यांची पिशवी. इंजिन सुरू झालं. खरंच छान आवाज होता, खाली नेहमीची घरघर आणि वर एक बारीक शीळ. भाऊ मागून ओरडला, “ऐकलंस ताई?” त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, पण कसा असेल ते कळत होतं.

तेवढ्यात टर्बोला तेल पोचवणारी नळी तिच्या जोडापासून सुटली. ती सुटताना फक्त अण्णांनी पाहिली. काळं तेल तापलेल्या लोखंडावर उडालं आणि पांढरा धूर उठला. अण्णा दोन्ही हात वर करून ओरडले, “बढ़ाओ! अरे बढ़ाओ, बढ़ाओ!”

मालकानं पाय दाबला.

ती शीळ किंकाळीसारखी झाली, मग काहीतरी कडकन तुटलं, आणि मग नुसता धूर. मालकानं चावी फिरवली. भाऊ धुरातून खोकत पुढे आला, सुटलेली नळी पाहिली, मग मालकाकडे पाहिलं. “रेस क्यों दी?”

“पंडितजी बोले बढ़ाओ, हम बढ़ा दिए.”

भाऊ वळला. “अण्णा, साधं ‘बंद कर’ म्हणता येत नाही तुम्हाला?”

“येतं,” अण्णा म्हणाले. “पण तोंडात आलं नाही.”

मालकानं वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. “पंडितजी, दुकान हमहूँ रोज बढ़ाते हैं. मगर इंजन आज पहिली दफा बढ़ाए हैं.” अण्णा हसले नाहीत. परतताना ऑटोत ते मांडीवर हात ठेवून बसले होते आणि नखात अडकलेलं कुंकू काढत होते.

काही दिवस घरात त्याचा विषय निघाला नाही. मग एका रविवारी भावानं तो मोडका टर्बो घरीच आणला, वर्तमानपत्रावर ठेवला आणि अण्णांना हाक मारली. दांडा निळाजांभळा पडला होता, एका टोकाला तुटलेला. चाकाची पाती वाकली होती. अण्णांनी तो चष्मा लावून, पोथी पाहावी तसा पाहिला.

“हे तुमच्यामुळे झालेलं नाही,” भाऊ म्हणाला. “मीच तेलाला रबरी नळी वापरली होती. वर नुसती पट्टी आवळली. धुराच्या गरम नळीला ती जवळजवळ टेकली होती, मऊ पडून निसटली. आणि तेल परत खाली जाणारी नळीही मी आडवी नेली होती. ती सरळ उतरती हवी, तेल आपल्या वजनानं खाली गेलं पाहिजे. तुम्ही ‘बंद’ म्हणाला असतात, तर तीच नळी पुन्हा आवळून आपण निघालो असतो आणि हा पुढे जळालाच असता. कदाचित वर, दरीच्या कडेला.”

“कदाचित काय? नक्की सांग.”

“नक्की.”

अण्णांनी चष्मा काढला. “म्हणजे मी चुकीचं बोललो म्हणून आपण वाचलो.”

“हो, पण म्हणून आता रोज तसं बोलू नका.”

तेव्हा दोघं हसले. मला हायसं वाटलं. पण त्याच बैठकीत अण्णा म्हणाले, “आता ते राहू दे. आहे तशी गाडी घे, हळू हळू जाऊ,” आणि भाऊ ऐकेना. या वेळी नीट करायचं, लोखंडी नळ्या, योग्य उतार, नवं तेल, सगळं व्यवस्थित. त्याला वाटत होतं की अर्धवट गाडीत अण्णांना नेणं हा त्यांचा अपमान आहे. अण्णांना वाटत होतं की दिवस जात आहेत. दोघांनीही हे एकमेकांना सांगितलं नाही. मला मात्र दोघांनी वेगवेगळं सांगितलं. दुसरा टर्बो मिळायला वेळ लागला, मग पावसाळ्यात डोंगरातले रस्ते खचू लागले. पाऊस सरला तोवर अण्णांच्या पायांवर सूज आली होती आणि जिना चढताना ते प्रत्येक वळणावर थांबत. डॉक्टर म्हणाले, उंचावर न्यायचं नाही.

जीप तयार झाली ती दिवाळीनंतर. भावानं कुणालाच हौसेनं सांगितलं नाही. अण्णांनीच विचारलं, “झाली ना? मग दाखव की.”

आम्ही सोनभद्राकडे गेलो, मारकुंडीचा घाट चढायला. अण्णा पुढे, आई आणि मी मागे. ट्रक गुरगुरत पहिल्या गिअरमध्ये चढत होते आणि आमची जीप त्यांच्या बाजूनं सहज पुढे जात होती. अण्णा काचेतून मागे पडणाऱ्या ट्रकांकडे बघत होते. “धूर नाही,” ते म्हणाले. भावाचे कान लाल झाले.

माथ्यावर गाडी थांबवली तरी त्यानं इंजिन चालूच ठेवलं. अण्णांनी का म्हणून विचारलं. चढ चढून आल्यावर टर्बो फार तापलेला असतो, तो लगेच थांबवायचा नाही, तेल फिरू द्यायचं, त्याची उष्णता उतरू द्यायची, असं भावानं सांगितलं. अण्णांनी मान हलवली. आई खाली उतरून डब्यातले लाडू काढत होती.

“ऐक,” अण्णा भावाला म्हणाले, “श्राद्धात पिंड तीन पिढ्यांना जातात. बाप, आजा, पणजा. आणि तीर्थावर तर घरच्या सगळ्यांचीच नावं घेतात. मी गेल्यावर ब्रह्मकपालावर तू बसशील. माझ्याबरोबर माझ्या आईवडिलांचंही होईल. एका खेपेत सगळं. डिझेलही वाचेल.”

“अण्णा, आपण पुढच्या वर्षी...”

“पुढच्या वर्षीचंच सांगतोय. मी हे लोकांना आयुष्यभर सांगत आलो, त्यात काही चूक नाही. शास्त्रानुसारच आहे.” मग थोड्या वेळानं म्हणाले, “मला वाईट वाटत नाही असं नाही. पण अडलेलं नाही.”

भावानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. आईनं खिडकीतून त्याच्या तोंडात लाडू घातला.

अण्णा त्या थंडीतच गेले, घरी, झोपेत.

वर्षश्राद्ध झाल्यावर यंदा दारं उघडली तेव्हा आम्ही तिघं बद्रीनाथला निघालो. जीपनं त्रास दिला नाही. प्रत्येक चढानंतर भाऊ न चुकता इंजिन थोडा वेळ चालू ठेवी.

ब्रह्मकपालावर अलकनंदेचा आवाज इतका होता की तिथल्या पुरोहितांना ओरडून बोलावं लागत होतं. भाऊ पौरोहित्य शिकलेला नसला तरी दर पितृपक्षात अण्णांच्या तोंडून ऐकलेली नावं त्याला पाठ होती. पुरोहितांनी विचारलं, “पिता का नाम?” आणि त्यानं आजोबांचं नाव घेतलं, कारण अण्णांची यादी तिथून सुरू व्हायची. मग तो थांबला. पुरोहितांनी वर पाहिलं. त्यानं अण्णांचं नाव सांगितलं, स्पष्ट, जरा मोठ्यानंच. त्यानंतर आजोबांचं. त्यानंतर पणजोबांचं. ओघात चौथंही नाव तोंडात आलं, तर पुरोहितांनी हात वर केला: “बस, तीन.”

स्त्रियांची नावं आली तेव्हा त्यांनी विचारलं, “माता?” आई शेजारीच शाल लपेटून बसली होती. “हैं,” भाऊ म्हणाला. म्हणून ती ओळ अण्णांच्या आईपासून सुरू झाली.

आईला नदीच्या आवाजात नीट ऐकू आलं नव्हतं. उठताना तिनं भावाची बाही धरून विचारलं, “यांच्या आईचं घेतलंस ना रे नाव?”

“घेतलं,” तो म्हणाला. “बायकांत तिचंच पहिलं होतं.”