लंकाबाईची नारिंगी बाटली

मखमलाबादच्या मळ्यात झेंडू पिकवणारी आणि तो स्वतः बाजारात बसून विकणारी लंकाबाई दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होती. एक म्हणजे तिनं बायका जमवून वस्तीच्या टोकाचा दारूचा गुत्ता बंद पाडला होता. दुसरी म्हणजे सॅनिटायझर. करोना आला नि गेला, लोकांनी मास्कच्या फडक्यांनी गाड्या पुसल्या, पण लंकाबाईच्या कमरेची बाटली हलली नाही. गिऱ्हाईक असो, दूधवाला असो की लग्नाची पत्रिका घेऊन आलेला पाहुणा, आधी हात पुढे करायचा. रंग नारिंगी, वास संत्र्याचा. हौसेला मोल नसतं.

सून प्रतिभा सातपूरला कंपनीत. ती शिफ्टला गेली की तीन वर्षांची दिशा आजीकडे. "पोरीचं मला शिकवू नका, मी चार वाढवलीत," असं लंकाबाई उठता-बसता ऐकवायची. नातीला वळणही तिनं छान लावलं होतं. रोज संध्याकाळी दत्ताच्या देवळात पुजाऱ्यानं हातावर तीर्थ घातलं की दिशा आवाज न करता प्यायची आणि ओला हात डोक्यावरून फिरवायची. बघणारे कौतुक करायचे, आणि लंकाबाई ते कौतुक घरापर्यंत पुरवायची.

एका दुपारी शेजारची चांगुणा माळा गुंफायला आली. लंकाबाईनं तिच्या हातावर सॅनिटायझर घातलं. दिशानंही हात पुढे केला, म्हणून तिच्याही हातावर घातलं, तेही सढळ हातानं. तेवढ्यात चांगुणेच्या जावेचा विषय निघाला, आणि जावेचा विषय अर्धवट सोडता येत नाही. लंकाबाईनं मान वळवली तेव्हा दिशा तोंड वाकडं करून डोक्यावरून हात फिरवत होती.

"मावशी, प्याली ती!" चांगुणा किंचाळली आणि उलटी काढण्यासाठी मिठाचं पाणी करायला धावली. पण लंकाबाई त्या पाण्यासाठी थांबली नाही. एका हातात बाटली, काखेत पोर, असं करून तिनं रिक्षा गाठली. चांगुणाही मागोमाग चढली.

"मावशी, प्रतिभाला सांगू, पोरीनंच बाटली उघडली," वाटेत चांगुणा कुजबुजली. "नायतर ती पोरीला पाळणाघरात टाकंल."

लंकाबाईनं पोरीला आणखी जवळ ओढलं. तीच धास्ती तिच्याही पोटात होती. पोर वाचावी आणि आपल्याजवळ राहावी, एवढंच तिचं त्या घडीला देवाकडे मागणं होतं.

पंचवटीतल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीला तपासलं, मग बाटली वाचली. "यात सत्तर टक्के अल्कोहोल आहे."

"म्हंजी?"

"दारूच म्हणा. गुत्त्यावरच्यापेक्षा कडक."

लंकाबाईचा हात कमरेकडे गेला. वस्तीतला गुत्ता बंद करून तिनं तो कमरेला बांधला होता तर!

"जिभेला लागलं असतं तर एवढी काळजी नव्हती. पण घोटभर पोटात गेलंय, अशानं लहान मुलांच्या रक्तातली साखर उतरते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मिठाचं पाणी पाजलं नाहीत ना? चांगलं केलंत." चांगुणा भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागली.

दिशाला गोड सरबत मिळालं आणि बाकावर थांबायचा हुकूम झाला. पोरीनं जांभई दिली की लंकाबाई आत धावायची, "बाई, चढली!" मग दिशा गाणं म्हणू लागली.

"बाई, आता तर चढलीच!"

"एरवी म्हणत नाही का ती गाणं?"

"म्हणती. पण आज लय मोठ्यानं म्हणती!"

शेवटी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासून पोर ठणठणीत असल्याचं सांगितलं. "बाटली उंचावर, कुलपात ठेवा. घरी साबण-पाणी पुरे. बाहेर लागलंच तर थेंबभर घालून तुम्हीच चोळा, आणि वाळेपर्यंत तिचा हात सोडू नका."

निरोप मिळताच प्रतिभा कंपनीच्या गणवेशातच धावत आली. चांगुणेनं कोपरानं ढोसलं. लंकाबाईनं तिचा हात झटकला. तीन वर्षांच्या पोरीवर आळ घ्यायचा, हे तिच्या जिवाला मानवेना.

"मीच घातलं तिच्या हातावर," ती म्हणाली. "हातावरचं प्यायला मीच शिकवलं, अन् मीच तोंड फिरवलं. तुला पाळणाघर बघायचं आसंल तर बघ. मी काय बोलणार नाय."

प्रतिभाचे डोळे लाल झाले होते. "किती घाबरले मी, आई!" ती ओरडलीच. मग तिनं दिशाचा पापा घेतला, पोरीला उचललं आणि सासूच्या मांडीवर दिलं.

"धरा हिला, मी गाडी वळवते. आणि उद्या माझी सकाळची पहिली शिफ्ट आहे. तिला लवकर उठवू नका."

लंकाबाईनं नातीला घट्ट धरलं, आणि इतका वेळ न रडलेली ती बाई भर दवाखान्यात हमसून रडली.