कुणाचा हात न धरता

मागच्या वर्षी एका दुपारी खालच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढायला मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले आणि उठताच येईना. गुडघे ढिम्म हलेनात. शेवटी झाऱ्याने फरशी ठोकत राहिले, तेव्हा खालच्या मजल्यावर भाड्याने राहणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी धावत वर आली. तिने मला उठवलं आणि, नको ते केलं, माझ्या मुलाला फोन करून सगळं सांगितलं.

मुलगा शहराच्या कडेला, हूटगळ्ळीला नव्या घरात राहतो. संध्याकाळीच येऊन त्याने फर्मान काढलं, की एकटीने राहणं पुरे, सामान बांध. त्याचं घर छान आहे, सूनही गोडीने वागते. पण माझी शिलाई मशीन, गिऱ्हाइकं, विठ्ठलाच्या देवळातलं भजन, सगळं इथं. मला मुळीच जायचं नव्हतं. मी हट्टाला पेटले तसा तो इथली कानडी मिसळत म्हणाला, "जमिनीवरून कुणाचा हात न धरता उठून दाखव. एवढं केलंस तर साकु, तेवढं पुरे, मी परत विषय काढणार नाही." मी दसऱ्यापर्यंतची मुदत मागून घेतली.

त्या मुलीला मी तावातावाने विचारलं, की जन्मभर पायमशीन चालवली, तरी पाय असे फितूर कसे झाले? ती हसली. मशीनवर पावलं हलत होती, मांड्या आरामात बसून होत्या, म्हणाली. मग तिने मला कामाला लावलं. हात छातीशी बांधून खुर्चीतून उठायचं आणि परत बसताना सावकाश बसायचं, धपकन नाही. भिंतीला तळवे टेकून अंग पुढे न्यायचं, मागे ढकलायचं. दूध तापेपर्यंत ओट्याशी उभं राहून टाचा उचलायच्या. त्या नादात दूध उतू गेलं तेही सांगून टाकते. पलीकडे गोकुलममधल्या योगशाळांत डोक्यावर उभं राहायला शिकण्यासाठी परदेशातून माणसं येतात, आणि मला नुसतं पायांवर उभं राहायला एवढी यातायात. पण हळूहळू बसमध्ये चढताना दांडीला लोंबकळणं थांबलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटू लागलं.

जमिनीवरून उठायची रीतही तिने शिकवली. आधी एका अंगावर वळायचं, गुडघ्यांवर यायचं, एक पाऊल पुढे रोवायचं आणि आपल्याच मांडीवर हात दाबून उठायचं. घरी ते मला जमू लागलं होतं.

घोळ झाला तो देवळात. आमच्या भजनात म्हातारी बाई जराशी हलली, की दोन्हीकडच्या बायका काखेत हात घालून तिला उचलतात. मागावं लागत नाही, आणि नको म्हटलं तर त्यांना राग येतो. मीही कितीजणींना असं पोत्यासारखं उचललंय. दसऱ्याआधीच्या भजनाला मुलगा मुद्दाम आला आणि पुरुषांच्या बाजूला बसून माझ्यावर नजर ठेवून होता. आरतीची वेळ झाली. मी गुडघ्यांवर आले मात्र, माझ्या शेजारच्या मैत्रिणीने काखेत हात घालून मला अर्धी उचललीसुद्धा.

आता हे काही मोजलं जाणार नव्हतं. मी सरळ पुन्हा खाली बसले.

"बेडा, नको," मी म्हणाले. "कोणी हात लावू नका. मला उठायचंय."

मैत्रिणीचं तोंड एवढंसं झालं. आरतीचं तबक घेतलेला माणूसही थांबला. मी वळले, पाऊल रोवलं, मांडीवर हात दाबला. आणि मी उभी राहिले. आनंदाने डोळे भरून आले, ते मी कापराच्या धुरावर ढकलले. मैत्रिणीचा रुसवा प्रसाद हातात येईपर्यंत टिकला.

बाहेर आम्ही चपला घालत होतो. मुलगा हळूच म्हणाला, "आई, तुझ्यासाठी ठेवलेली खोली आता भाड्याने देऊन टाकू?"

तो हरला होता, आणि त्याला वाईट वाटत होतं. ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"देऊ नकोस," मी म्हणाले. "दिवाळीला चार दिवस पाहुणी येईन."