किलवरचा गुलाम

आमच्या चष्म्याच्या दुकानात ताई गिऱ्हाइकांच्या डोळ्यांचं माप घ्यायच्या. दोन बाहुल्यांमधलं अंतर त्या नुसत्या नजरेनं सांगत. पट्टी लावून पाहिलं तर एका मिलिमीटरचा फरक निघत नसे. लग्न केलं नव्हतं. म्हाताऱ्या आईला घेऊन दोन खोल्यांत राहायच्या.

सुट्टीच्या दिवशी मात्र रद्दीची दुकानं नि औषधांची जुनी दुकानं पालथी घालायच्या. शोध एकाच गोष्टीचा. एका मलमाच्या कंपनीनं फार पूर्वी जाहिरात म्हणून चित्रांच्या पुस्तिका फुकट वाटल्या होत्या. तळहाताएवढ्या, सोळा पानी. त्यात पत्त्यांतले राजे-राण्या माणसांसारखे वागत. बदामच्या राजाची कंबर धरे, इस्पिकच्या राणीचं डोकं चढे, आणि दर वेळी किलवरचा गुलाम मलमाची डबी घेऊन धावत येई. वाकड्या नाकाचा, हसऱ्या डोळ्यांचा.

तो गुलाम म्हणजे ताईंचे वडील. ताई तीन वर्षांच्या असताना ते वारले. घरात त्यांचा फोटो नव्हता. आईनंच एक पुस्तिका हातात देऊन सांगितलं होतं, "हे बघ तुझे बाबा. चित्रकारानं त्यांना समोर बसवून काढलंय."

अशा एकूण चौदा पुस्तिका होत्या. तीस वर्षांत ताईंनी तेरा मिळवल्या. एका औषधवाल्यानं तर 'देतो, देतो' म्हणत सहा वर्षं खेपा घालायला लावल्या. दुकानात आम्हाला पुस्तिका दाखवताना ताई गुलामाच्या चेहऱ्यावर कधी बोट ठेवू द्यायच्या नाहीत.

चौदावी एका बंद दुकानातल्या खणाच्या तळाला चिकटलेली सापडली. ताईंनी ती वाफेवर धरून सोडवली. शेवटच्या पानावर चित्रकाराचा फोटो होता. तेच वाकडं नाक, तेच डोळे. खाली छापलं होतं, 'आमचे चित्रकार आरशात बघून गुलाम काढतात!'

पुढचं ताईंनीच मला एका दुपारी, काचा पुसता पुसता सांगितलं.

त्या तडक घरी गेल्या. आई अंथरुणाला खिळलेली. तिच्यासमोर पान धरलं.

"आई, हा कोण?"

आईनं पान जवळ ओढून पाहिलं. "सापडलं का शेवटी," ती म्हणाली.

"तू खोटं सांगितलंस?"

"मग काय सांगणार होते? रोज दारात जाऊन बसायचीस. जेवायची नाहीस. वाण्याकडून मलमाच्या डबीबरोबर ते पुस्तक आलं होतं, दिलं तुझ्या हातात. गप्प झालीस."

"आणि बाबा?"

"मेला नाही तो. गेला. कामावर जातो म्हणून गेला."

ताईंना राग यायलाही सवड झाली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "दिसायचे कसे?"

आई डोळे मिटून आठवत राहिली. "उंच होता... नाही, तो माझा भाऊ. अगं, चेहराच येत नाही डोळ्यांपुढे. खोकला आठवतो त्याचा."

दोन महिन्यांनी आई गेली. चौदाच्या चौदा पुस्तिका ताईंनी एका संग्राहकाला देऊन टाकल्या. तो आनंदानं तिथंच एकेक पान उलटून बघू लागला. ताई म्हणाल्या, "घेऊन जा लवकर."

त्यानंतर दुकानात कुणी म्हातारा माप द्यायला बसला की ताई पट्टी हातात धरून त्याच्याकडे बघतच राहायच्या. गाव विचारायच्या, वय विचारायच्या, मुलंबाळं विचारायच्या. एकजण खोकला, तर ताईंनी त्याचा हातच धरला. तो चिडून मालकांकडे गेला.

मालक वाईट नव्हते. "ताई, काही दिवस आत बसा," म्हणाले. तेव्हापासून त्या मागच्या खोलीत काचा घासतात. तिथं गिऱ्हाईक येत नाही.