आक्कांचा मुक्काम

दाजींचा फोन आला तेव्हा मी डबे भरत होते. इथल्या, अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं माझ्याकडून डबे नेतात, त्यामुळे सकाळची वेळ म्हणजे नुसती धांदल. फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला आणि म्हटलं, "बोला दाजी, आक्का कुठायत?" कारण दाजी स्वतःहून कधी फोन करत नाहीत. आक्का लावून देतात आणि हे नुसतं 'हां, हां' करतात. म्हणाले, "मंदा, दत्ताला घिऊन ये. च्या पीत व्हती... कप खाली ठिवला आन् भिताडाला टेकली." पुढं त्यांना बोलवेना आणि मला विचारवेना. डबे तसेच उघडे टाकून मी आणि आमचे हे निघालो.

आक्का म्हणजे माझी नणंद, आमच्या ह्यांची थोरली, एकुलती एक बहीण. दिलेली लेण्याद्रीच्या पायथ्याला. त्यांना जाऊन आता महिना उलटला. गावात अजून बोलणं चालू आहे की झोपताना नाकावर ते मशीन लावलं आणि त्यानंच बाई गेली. ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. म्हणून लिहायला बसलेय. मला लिहायची सवय नाही, पण आक्कांबद्दल कुणी वाटेल ते बोलावं आणि मी भाकऱ्या थापत बसावं, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही.

माझं लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हापासून एक गोष्ट बघत होते. आक्का माहेरी यायच्या, पण रात्रीच्या कधी राहायच्या नाहीत. भाऊबीजेला सकाळी येणार, भावाला ओवाळणार, जेवणार, आणि उन्हं कलायला लागली की पिशवी उचलणार. अवसरीहून नारायणगाव, तिथं गाडी बदलून जुन्नर, तिथून पुढं घरापर्यंत. एवढा खटाटोप कशासाठी, तर म्हणे म्हशीची धार काढायचीय! अहो, घरात माणसं होती की धार काढायला. पुढं म्हशी विकल्या, तेव्हा गुडघे दुखायला लागले. गुडघे बरे झाले तर घराला कुलूप आहे म्हणाल्या. आणि गावाला काय, कारणच पाहिजे असतं. दत्ताची बायको नणंदेला रात्रभर ठेवून घेत नाही, जेवायला घालते आणि वाटेला लावते, असं माझ्या पाठीमागं बोललं जायचं. कधी कधी तोंडावरही. माझ्या सासूबाई तर शेवटपर्यंत म्हणायच्या, "माझी लेक आशी नव्हती गं. तुझंच कायतरी आसंल." त्या तेच मनात घेऊन गेल्या... मी काय करणार?

एका भाऊबीजेला माझं डोकं फिरलं. म्हटलं, आज बघतेच कशा जातात ते, आणि त्यांच्या चपला उचलून ज्वारीच्या कणगीमागं लपवल्या. आक्कांनी अंगणभर शोधल्या. मी आपली तोंड पाडून, "कुत्र्यानं नेल्या असतील, आता उद्या नव्या आणू." आक्कांनी माझ्याकडे एकदा बघितलं, पदर खोचला आणि चालायला लागल्या. अनवाणी! शेवटी मीच चपला हातात घेऊन त्यांच्या मागं पळाले. एस्टीच्या थांब्यावर सगळं गाव बसलेलं, आणि त्यांच्यासमोर भावजय नणंदेच्या पायाशी चपला ठेवतेय. त्यातूनही लोकांनी काय काढलं असेल ते सांगायला नको. गाडीत चढताना आक्कांचे डोळे भरले होते. मला तेव्हा ते नाटक वाटलं.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांची झोप. दिवसाढवळ्या, बसल्या जागी! पापड लाटताना लाटणं हातात आणि मान छातीवर. कीर्तनाला पहिल्या रांगेत बसायच्या आणि महाराजांनी अभंग घ्यायच्या आत डुलक्या. सगळे हसायचे. आक्काही हसायच्या. "सुखी जीव हाय माजा," म्हणायच्या. चूल पेटती ठेवून त्यांचा डोळा लागला आणि पदराचा काठ जळाला, तेव्हा मात्र दाजी घाबरले. त्यांनी आक्कांना मंचरच्या डॉक्टरांकडे आणलं. सोबत मी होते. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर बघितलं, मान जाडी आहे म्हणाले, आणि एकदम विचारलं, "घोरता का?"

"न्हाई," आक्का म्हणाल्या. इतक्या फटकन म्हणाल्या की डॉक्टरांनी दाजींकडे बघितलं.

दाजी खालमानेनं बसले होते. तसेच म्हणाले, "घोरती. लई घोरती. मधीच आवाज बंद पडतो, तवा मी हालवून जागी करतो."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या माणसानं ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ दिली नव्हती. आक्का लालबुंद झाल्या. परतताना गाडीत दाजींच्या शेजारी बसल्या नाहीत, माझ्या शेजारी येऊन बसल्या. मग घरच्या घरीच तपासणी झाली. छातीला पट्टा, बोटाला चिमटा लावून झोपायचं. डॉक्टरांनी रिपोर्ट समजावून सांगितला. आक्कांचा श्वास झोपेत थांबतो, जीव घाबरा होऊन पुन्हा सुरू होतो, पुन्हा थांबतो, रात्रभर तेच. म्हणजे बाई रात्रीची झोपतच नाही, म्हणून दिवसा पेंगते. हृदयावर बराच ताण येऊन गेलाय, आता रोज झोपताना मशीन लावायचं. ते नळीतून हवा सोडतं, त्यामुळे घसा मिटत नाही. मी आणि दाजी हृदयाचं ऐकून गार पडलो होतो. आक्कांनी एकच विचारलं, "मशीन लावल्यावं आवाज बंद व्हईल का?" डॉक्टर हो म्हणाले. "मग द्या," आक्का म्हणाल्या.

द्या म्हणणं सोपं होतं. मास्क तोंडावर चढवला की त्यांचा जीव गुदमरायचा. सकाळी बघावं तर मास्क उशाखाली, आणि काढला कधी ते त्यांनाच माहीत नाही. तोंड कोरडं पडायचं, पोटात हवा भरायची. त्यात नाकातल्या चमकीचा घोळ. मास्क नाकावर नीट बसेना, फटीतून हवा डोळ्यात जायची. मशीन बसवायला आलेला माणूस म्हणाला, मावशी, चमकी काढा. आक्का म्हणाल्या, नवरा जिवंत हाय माजा! दोन आठवडे चमकीवरनं घरात अबोला. शेवटी दाजी म्हणाले, "माझ्यासाठीच घालतीस न्हवं? मग मीच सांगतो, काढ." आणि स्वतःच्या हातानं त्यांनी चमकीची फिरकी सोडवली. हे आक्कांनी मला फोनवर सांगितलं, आणि सांगताना लाजल्या. त्या वयात!

सवय व्हावी म्हणून दिवसा टीव्ही बघताना मास्क लावून बसा, असं त्या माणसानं सांगितलं होतं. आक्का दुपारी मालिका लावून, नाकाला नळी लावून बसल्या, आणि शेजारणीनं खिडकीतून बघितलं. झालं! संध्याकाळपर्यंत वस्तीभर, आक्का आक्सिजनवर हाय. दुसऱ्या दिवशी भावकी बिस्किटाचे पुडे आणि शहाळी घेऊन भेटायला. एक म्हातारी तर गळ्यात पडून रडली. आक्कांनी तिला चहा करून पाजला, तेव्हा ती आणखीच घाबरली.

आणि कपाळ माझं, तो निलगिरीचा प्रकार! मशीनला पाण्याची एक डबी असते, हवा ओलसर राहावी म्हणून. पाणी जरा गरम होतं. आक्कांना वाटलं, हा वाफाराच. मला फोन आला, "मंदे, नाक भाजलं गं माजं." म्हटलं, "काय घातलंत त्यात?" म्हणाल्या, "निलगिरी. आन् जरासा ववा." मी हसून हसून खाली बसले. मशीनवाल्याला फोन केला तर तो रडायचाच बाकी राहिला. डबी बदलली, नळी बदलली. पण आक्कांनी मशीन सोडलं नाही. मी विचारायचे, एवढा त्रास होतोय तर बाई नेट कसला लावलाय? त्या म्हणायच्या, "हाय माझं एक काम."

ते काम गेल्या दिवाळीत कळलं. भाऊबीजेला आक्का आल्या त्या मशीनची काळी पेटी खांद्याला अडकवून. ओवाळणं झालं, जेवणं झाली, उन्हं कलली. मी सवयीनं त्यांच्या पिशवीत फराळाचे डबे भरायला लागले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आज मुक्काम हाय." आमचे हे तिथंच ओसरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. मग उठून, लाईट जाईल म्हणून शेजाऱ्याचा इन्व्हर्टर मागून आणला.

सकाळी त्या ताज्या चेहऱ्यानं चुलीपाशी येऊन बसल्या आणि मला सगळं सांगितलं. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी चुलत भावाच्या लग्नात सगळ्या बायका एका खोलीत झोपल्या होत्या. आक्का तेव्हा दुसऱ्या बाळंतपणातून उठलेल्या, अंग सुटलेलं. सकाळी मांडवात पोरींनी त्यांच्या घोरण्याची नक्कल केली. म्हैस रेकते तशी. वऱ्हाड हसलं. त्यांची आईसुद्धा हसली. "बाप्या घोरला तर कोण हासत न्हाई गं," आक्का म्हणाल्या. "त्या दिवशी ठरिवलं, परक्या छपराखाली डोळा मिटायचा न्हाई." मी म्हटलं, "आक्का, हे घर परकं? मला सांगायचं ना! मी काय हसले असते? तिकडं लोक माझ्या नावानं खडे फोडत होते!" मी भांडायलाच उठले होते. त्यांनी माझा हात धरला. "म्हाईत हाय मला. म्हून तर आले."

त्याच दिवशी आम्ही दळण घेऊन गिरणीत गेलो. बायकांची ही गर्दी. त्यातलं एक जुनं खोड मला ऐकू जाईल असं म्हणालं, "यंदा भावजयीनं ठिवून घेतलं म्हणायचं!" मी तोंड उघडणार तेवढ्यात आक्कांनी डबा खाली ठेवला. गिरणी चालू होती, तिच्यावर आवाज चढवून बोलल्या, "मी घोरते! म्हशीवानी घोरते, म्हून ऱ्हात नव्हते. मंदीनं दरवर्सी माझा हात धरलाय. माझ्या चपला लपिवल्या व्हत्या तिनं. आता मशीन लावते, आता ऱ्हाणार. हासायचं तर हासा." गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला. कुणी हसलं नाही. माझ्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा... पदराला सगळं पीठ, त्यानंच तोंड पुसलं. ज्या बाईनं लाजेपायी निम्मा जन्म माहेर सोडलं, तिनं ती लाज माझ्यासाठी चारचौघांत उघडी केली. माझ्या सख्ख्या आईनंही माझ्यासाठी एवढं केलं नसतं.

आठवडाभर राहिल्या. दिवसा एकदाही पेंगल्या नाहीत. इतकी वर्षं आम्ही ज्या आक्का बघत होतो, त्या अर्ध्या झोपेतल्या होत्या. जागेपणी ही बाई केवढी बोलकी, केवढी चावट! डबे न्यायला येणाऱ्या पोरांची अशी फिरकी घ्यायच्या की पोरं मुद्दाम रेंगाळायची. परत येते म्हणून गेल्या... आणि दाजींचा फोन आला.

डॉक्टर म्हणाले, हृदय फार आधीच थकलं होतं. मशीन आलं ते उशिरा आलं. मशीननं जीव घेतला म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते. जीव घेतला तो त्या मांडवातल्या हसण्यानं. मशीननं तर जाता जाता आम्हाला आमची आक्का दाखवली.

दशक्रियेच्या दुपारी जेवणं उरकली आणि आक्कांच्या पडवीत बायका जाजमावर आडव्या झाल्या. आक्कांची लेक वैशाली, ओतूरला दिलेली, तेवढी बसून होती. रडून रडून डोळे सुजलेले. सारखी मान पडायची, सारखी दचकून सावरायची. म्हटलं, "आडवी हो की गं."

"नको मामी. मला दुपारची सवय नाही."

मी तिच्याकडे बघत राहिले. सरकून तिच्या कानाशी गेले आणि विचारलं, "वैशे, घोरतेस का?"

तिनं निजलेल्या बायकांकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी तिचं डोकं ओढून माझ्या मांडीवर घेतलं. "झोप. कोण हसतंय ते मी बघते."

पोर डोकं टेकताच झोपली आणि घोरायला लागली. पलीकडची एक जण तोंडाला पदर लावून कोपरावर उठली. मी तिच्याकडे असं बघितलं की परत आडवी झाली. मग आवाज थांबला. पडवीत काही हालेना. वैशालीची छाती वर जायला हवी होती, ती जाईना... मी माझाच श्वास धरून बसले, आणि मग राहवेना. "वैशाली!" खांदा धरून गदागदा हलवलं. मोठा आवाज करून तिनं श्वास घेतला.

"काय झालं मामी?"

"काही नाही. उद्या माझ्याबरोबर यायचं. मंचरच्या डॉक्टरांकडे."

"अन् ओतूरला काय सांगू?"

"सांग, मामाकडे मुक्कामाला चाललेय."