करंट कोण खातंय?

"नारळ आणा," असं मंदारसाहेब म्हणाले, तेव्हा मी त्यांच्या बाइकची सीट काढून बॅटरीपाशी पोचलो होतो.

मला वाटलं, उद्या दसरा, गाडीची पूजा करायची असेल. पण नारळ गाडीसाठी नव्हताच. तो शिवरामदादासाठी होता. शिवरामदादाने देवळात जायचं, नारळावर हात ठेवायचा आणि 'मी बॅटरीची वीज वापरली नाही' अशी शपथ घ्यायची, असा साहेबांचा हुकूम होता. साहेब ठाण्याला सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर आहेत. मनगटावरचं घड्याळ त्यांच्या छातीचे ठोके मोजतं. आणि बॅटरी कशाने उतरली हे शोधायला यांना नारळ लागतो!

मी ऑटो इलेक्ट्रिशियन. रत्नागिरीत तीस वर्षं दुकान आहे. स्टार्टर, वायरिंग, बॅटरी हेच काम. शिकलेल्या माणसांचे अडाणीपणाचे जितके नमुने या धंद्यात बघायला मिळतात, तितके शाळामास्तरालाही मिळत नसतील.

साहेबांची वडिलार्जित आंब्याची बाग मालगुंडच्या वर सड्यावर आहे. सडा म्हणजे कातळाचं माळरान. बागेत चिऱ्याचा मांगर आहे, औजारं आणि खोकी ठेवायला बांधलेल्या दोन खोल्या. तिथे लाइट नाही, विजेचे खांब खालच्या वाडीतच संपतात. त्या मांगरात साहेबांची बाइक उभी असते. दिसायला जुन्या वळणाची, आतून एकदम नवी. वर्षातून चार वेळा येतात, आरे-वारेच्या रस्त्याने फिरवतात, फोटो टाकतात आणि जातात. या गाडीला किक नाही. बॅटरी मेली की गाडी मेली.

शिवरामदादा ही बाग चौदा वर्षं सांभाळतोय. फवारणी, कलमांची निगा, काढणी, सगळं तोच करतो. त्याची बायको आंबा भरायला असते. दोघांचं पोट त्या बागेवर. वयाने तो साहेबांपेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, पण साहेब त्याला 'ए शिवराम' म्हणतात.

"शपथ घेत नसशील तर उद्यापासून येऊ नकोस," साहेब म्हणाले. "वर्षात ही तिसरी बॅटरी. हँडलला यूएसबी सॉकेट आहे. तू त्याच्यावर फोन चार्ज करतोस."

"साहेब, माज्या घरात लाइट हाय," शिवरामदादा म्हणाला. "फोन चार्ज करायला मी येवडी घाटी चढून सड्यावर येन काय?"

"मग बॅटरी कशी उतरली? या मेस्त्रींनीच मला फोनवर सांगितलं, कोणीतरी करंट खातंय म्हणून!"

शिवरामदादाने माझ्याकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण ते मी बोललो होतो. आदल्या दिवशी साहेबांचा ठाण्याहून फोन आला, उद्या येतोय, पण मागच्या दोन वेळांसारखी याही वेळी बॅटरी उतरलेली असणार, म्हणाले. मी दुकानात एका डंपरखाली आडवा पडून बोलत होतो. म्हटलं, "साहेब, गाडीत कोणीतरी करंट खातंय." आमच्यात असंच बोलतात. चावी बंद असतानाही एखादी वायर, एखादं डबडं थोडा थोडा करंट ओढत राहतं, त्याला आम्ही 'खाणं' म्हणतो. खाणारा माणूस नसतो. साहेबांनी त्यातला माणूस तेवढा उचलला आणि जो समोर होता त्याच्या गळ्यात बांधला.

मी म्हटलं, "साहेब, नारळ राहू दे. अर्धा तास द्या. माझ्याकडे मीटर आहे."

"मेस्त्री, मला प्रूफ हवंय."

"तेच देतो."

पहिलं काम बॅटरीचं. बारा व्होल्टची बॅटरी भरलेली असली की मीटरवर पावणेतेराच्या आसपास दाखवते. हिने चार दाखवले. बॅटरी इतकी खाली जाऊन महिना-दोन महिने तशीच राहिली की आतल्या प्लेटांवर पांढरा थर धरतो आणि मग ती चार्ज घेतच नाही. मी सोबत आणलेली नवी बॅटरी जोडली.

"पण सोलर पॅनल असताना उतरलीच कशी?" साहेब म्हणाले. "मी स्वतः लावलंय. दहा वॉटचं. सगळे व्हिडिओ बघून लावलं."

हे मला माहीत नव्हतं. कल्पना वाईट नाही. जिथे लाइट नाही तिथे असं छोटं पॅनल दिवसभर थोडा थोडा करंट देत बॅटरी भरलेली ठेवतं. म्हटलं, दाखवा. आम्ही तिघे मांगराच्या मागे गेलो.

मागे पॅनल नव्हतंच. नुसती झड होती.

कोकणात पाऊस आडवा येतो. भिंती भिजू नयेत म्हणून पावसाळ्याआधी छपरापासून खाली झावळ्या आणि गवत विणून केलेला पडदा बांधतात, ती झड. दसरा-दिवाळीपर्यंत ती तशीच असते. शिवरामदादाने ती वर उचलली. खाली, बरोबर छपराच्या सावलीत, पश्चिमेच्या भिंतीला साहेबांचं पॅनल ठोकलेलं होतं. वर कोळ्यांची जाळी, कोपऱ्यात पालीची अंडी. छपरावर वानर फोडतील म्हणून भिंतीवर लावलं, असं साहेबांनी मला समजावून सांगितलं. व्हिडिओतल्या माणसाच्या गावाला बहुतेक सूर्य भिंतीवर येऊन बसत असावा.

"बघा! बघा!" साहेब ओरडले. "यानेच झाकलं! मुद्दाम!"

शिवरामदादाने खिशातून फोन काढला, बराच वेळ अंगठ्याने वर सरकवत राहिला आणि मग त्याचाच आवाज वाजला. मे महिन्यात त्याने साहेबांना पाठवलेला निरोप होता. "साहेब, पाऊस जवळ आला. मागच्या भितीला झड बांधतो. ती तुमची काचेची प्लेट झाकंल. बांधू काय?"

खाली साहेबांचं उत्तर होतं, 'ओके, डू द नीडफुल.'

साहेबांनी ते वाचलं. परत वाचलं. म्हणाले, "मला वाटलं, झाड बांधतोय. कलमांना आधार वगैरे."

आजोबा इथले, वडील इथले, सातबाऱ्यावर नाव इथलं. आणि झड म्हणजे काय हे माहीत नाही! उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान शेळी कशी दिसते ते तरी विचारून घ्यावं.

पण पॅनल झाकलं म्हणून बॅटरी एका पावसाळ्यात चारवर येत नाही. उभ्या गाडीतली चांगली बॅटरी हळूहळू उतरते, एवढी नाही. आणि आधीच्या दोन बॅटऱ्या तर झड नसताना गेल्या होत्या. म्हणजे खाणारं अजून गाडीतच होतं.

मी निगेटिव्ह वायर सोडली आणि मधे मीटर जोडला. चावी बंद. अशा वेळी मीटरवर दोन-तीन मिलिअँपियर दिसले तर ठीक. इथे पन्नास दिसत होते. दिवसाला अँपियरभर. नऊ अँपियरची बॅटरी आठवड्या-दीड आठवड्यात झोपणार, देव आला तरी झोपणार.

आधी यूएसबी सॉकेट तपासला. चावी बंद असताना तो मेलेला, चावी फिरवली की चालू होतो. मी विचारलं, "साहेब, गाडीच्या चाव्या कुठे असतात?"

"माझ्याकडे. दोन्ही. ठाण्याला."

"मग शिवरामदादा फोन कशाने चार्ज करत होता?"

साहेबांनी घड्याळात बघितलं. ठोके वाढले असतील.

मग मी वायर धरून मागे मागे गेलो. टाकीच्या खाली, काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली, काड्यापेटीएवढी एक डबी सापडली. जीपीएस ट्रॅकर. तिची वायर काढली आणि मीटर दोनवर आला.

"हे कोणी बसवलं?"

"मीच," साहेब हळूच म्हणाले. "सिक्युरिटीसाठी."

"म्हंजे काय ता?" शिवरामदादाने मला विचारलं.

मला सांगायची इच्छा नव्हती, पण विचारल्यावर खोटं कशाला बोला? म्हटलं, "गाडी कुठे जाते ते साहेबांना ठाण्यात बसून दिसतं. तुम्ही गाडी बाहेर काढलीत तर त्यांना कळावं म्हणून. इथे सड्यावर रेंज नाही, म्हणून ही डबी दिवसरात्र रेंज शोधत बसते आणि बॅटरी खाते."

ज्याच्यावर पाळत ठेवायला डबी बसवली, तिने खाल्लेल्या विजेचा आळ त्याच्याच डोक्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. इथे तर चोरही साहेबांनीच विकत आणून बसवला होता.

मी शिवरामदादाला म्हटलं, "दादा, चूक माझीपण झाली. काहीतरी खातंय म्हणायचं, तिथे कोणीतरी म्हणालो."

"तुमी गाडीचा बोललात," तो म्हणाला. "ह्यांनी मानूस आयकला."

साहेब मधे पडले. "बरं, सापडलं ना? मग विषय संपला. शिवराम, चल, चहा टाक सगळ्यांना."

माफी नाही, काही नाही. त्याच आवाजात चहा. मला इतका राग आला की हातातला पाना खाली ठेवावा लागला.

शिवरामदादाने कमरेची मांगराची चावी सोडली आणि गाडीच्या टाकीवर ठेवली.

"राखन आता त्या डबीलाच सांगा," म्हणाला आणि घाटी उतरून गेला.

मी काम पुरं केलं. पॅनल छपरावर दक्षिणेकडे तोंड करून बसवलं, वानरांसाठी जाळी मारली. मधे चार्ज कंट्रोलर घातला, म्हणजे बॅटरी भरली की तो करंट थांबवतो. ट्रॅकर साहेबांच्या हातात दिला. दिवाळीनंतर बघून आलो, बॅटरी टकाटक.

डिसेंबरात साहेबांचा फोन आला. मोहोर धरला होता, फवारणीला माणूस नव्हता. शिवरामदादा नवरा-बायको दोघं जयगडच्या रस्त्यावरच्या एका बागेत लागले होते, आणि वाडीतलं दुसरं कोणी यायला तयार नव्हतं. वाडीत बातमीला रेंज लागत नाही.

"मेस्त्री, एखादा विश्वासू माणूस बघा ना."

"साहेब, तो माझ्या दुकानात मिळत नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

तर सांगायचं ते एवढंच. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून ठेवा. दहाचा पाना लागतो, दोन मिनिटं जातात. साहेबांनी तेवढं केलं असतं, तर त्या बागेत आज माणूस असता.