केळीच्या सोपटाची गाठ

माझ्याशी सौदा करून आजवर कोणी जिंकलेलं नाही, आणि जो एकमेव माणूस जिंकला त्याने सौदा केलाच नाही. हा माणूस म्हणजे माझ्या धाकट्या जावेचे काका. राहायला वटारला. केळीची वाडी सांभाळतात आणि वाडीतून वेळ उरला की ओळखीपाळखीच्या लोकांचे जुने मॉनिटर दुरुस्त करतात. कुठे शिकले, कोणाला माहीत नाही. विचारलं तर म्हणतात, "उघडून बघितलं की कळतं, बाय." मीही एकदा उघडून बघितलंय. मला काही कळलं नाही.

फुलपाड्यात माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. स्टेशनबाहेर टोपलीत गजरे घेऊन बसायचे, तिथून इथवर आले ती कोणाच्या मेहरबानीने नव्हे. एकेक वस्तू भांडून घेतली. गिऱ्हाइकांना पत्रिका दाखवते तो मॉनिटर बंद पडलेल्या एका ऑफिसच्या सामानातला. विकणारा शेवटी हात जोडून म्हणाला होता, "ताई, घेऊन जा, पण आता बोलू नका." असा जिंकून आणलेला मॉनिटर मी भंगारात का म्हणून टाकू? तो आजारी पडला की जावेचे काका येतात. पैसे विचारले की म्हणतात, "कसले?" आता या उत्तराशी घासाघीस कशी करायची, ते मला कोणीतरी शिकवावं.

काकांची पहिली खोड अशी, की ते बिघडलेल्या मॉनिटरकडे बघतच नाहीत. खुर्ची ओढून माझ्याकडे तोंड करून बसतात. "कधीपासून?" "सकाळपासून." "काल टेबल सरकवलं?" "नाही." "झाडू कोनी मारला?" झाडूचा आणि पडदा काळा होण्याचा संबंध काय, म्हणून मी चिडते. संबंध असतो. झाडू मारणारीने मागची वायर ओढलेली असते. मग ही वायर पहिल्याच मिनिटाला का नाही बघत? "वायर कुठे पळून जाते? मानूस विसरतं."

एकदा पडदा ठार काळा झाला, पण खालचा बारका दिवा जळत होता. मी म्हटलं, मेला. काकांनी दुकानातले दिवे बंद करवले, शटर अर्धं ओढायला लावलं आणि बॅटरी तिरकी धरून म्हणाले, "वाकून बघ." बघते तर काळ्या पडद्यात, विहिरीच्या तळाशी दिसावा तसा, पत्रिकेवरचा गणपती! "चित्र आहे. मागचा दिवा गेलाय." मी म्हटलं, "म्हणजे गणपती आहे की नाही?" "आहे ना. दिसत नाय, एवढंच." घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, देव्हाऱ्यातही तसंच असतं. त्या दिवसापासून मला दोन्हींचं काही कळेनासं झालं.

दुसऱ्या खेपेस सगळ्या पत्रिका गुलाबी दिसायला लागल्या. एका नवरीच्या आईला तो गुलाबी इतका आवडला, की छापून आलेली पिवळी पत्रिका बघून तिने मला खोटारडी ठरवलं. काकांनी माझ्याच डोक्यातली पिन मागून घेतली, वायरच्या टोकातली एक वाकडी काडी त्या पिनेने सरळ केली आणि शाळेच्या खोडरबराने बाकीच्या घासल्या. "खाऱ्या हवेनं हिरवट धरतं." वायर घट्ट बसवायचे स्क्रू गंजून तुटलेले. तिथे त्यांनी पिशवीतून केळीच्या खोडाचं ओलं सोपट काढलं, त्याचा दोरा सोलला आणि वायर मॉनिटरला बांधून टाकली. वाडीतला माणूस वेल मांडवाला बांधतो तशी.

आणि मुंग्या! प्रत्येक भेटीत काका केळ्यांची फणी आणणार आणि मॉनिटरशेजारीच ठेवणार. पुढे पडद्यावर काळे ठिपके फिरू लागले. काकांनी तासभर विचारपूस करून निदान केलं, "आत मुंग्या शिरल्यात. इथे कोनीतरी गोड ठेवतं." मी फणीकडे बोट दाखवलं. त्यांनी फणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "केळी लवकर खायची असतात."

भांडण झालं ते गेल्या लग्नसराईत. पडदा लुकलुकत होता, नंदाखाल गावातलं एक गिऱ्हाईक नावं तपासायला समोर उभं, आणि काकांनी वायर काढून ठेवली. मॉनिटर उघडण्याआधी तासभर थांबायचंच, हा त्यांचा नेम. आत वीज दडून बसते म्हणे, ती निघून जायला वेळ द्यायचा. वीज निघून गेली की नाही माहीत नाही, गिऱ्हाईक मात्र गेलं. ते बघितलं आणि माझं डोकं सटकलं. "काका, तुमचं फुकटचं काम मला सगळ्यात महाग पडतं! आणि टिकतं तरी कुठे?"

तास भरल्यावर त्यांनी झाकण उघडलं. आतले वीज साठवणारे, शेंगदाण्याएवढे दोन फुगलेले डबे बदलले, झाकण लावलं, सोपटाची नवी गाठ मारली. केळी ठेवून निघून गेले.

आणि त्या दिवसापासून मॉनिटर बिघडलाच नाही. पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. वीज दहादा गेली-आली, पण हा मेला डोळा मिटेना. माणसाने किती रागावून दुरुस्त करावं! तो बिघडेल, मी फोन करीन, ते येतील, मग आपोआप विषय मिटेल, असा माझा हिशेब होता. माफी मागायला स्वतःहून वटारला जाणं मला जमणारं नव्हतं. जाऊ अधूनमधून म्हणायची, "ताई, काका विचारत होते, मॉनिटर कसा आहे." मी म्हणायची, "ठणठणीत." आणि विषय बदलायची.

पुन्हा लग्नसराई तोंडावर आली तेव्हा मी एका सकाळी शटर आतून ओढलं, सोपट सोडलं, वायर अर्धवट उपसली आणि संशय नको म्हणून दोरा होता तसा परत बांधला. मग फोन केला. "काका, मॉनिटर बंद पडलाय."  तिकडून, "दिवा?" "लुकलुकतो." "येतो."

दुपारी आले. थोडे वाकलेले दिसले. खुर्ची ओढली. "कधीपासून?" "सकाळपासून." "झाडू कोनी मारला?" "मीच." "हां," म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा उठून सरळ मॉनिटरच्या मागे गेले. गाठीवर बोट ठेवलं.

"ही माझी नव्हे."

मी टेबलावरच्या पत्रिका सारख्या करू लागले.

"दोन वेढे आनि मधून टोक. ही गजऱ्याची गाठ, बाय."

बोटांनी घात केला होता. इतकी वर्षं झाली, पण दोरा हातात आला की ती आपलं आपलंच करतात. "सैल झाली होती, म्हणून मी..." "बरं," ते म्हणाले. गाठ न सोडताच त्यांनी वायर आत दाबली. पडदा उजळला.

"काका, त्या दिवशी मी बोलले ते..."

"कुठल्या दिवशी?"

"निदान आज तरी सांगा, काय द्यायचं?"

या वेळी "कसले?" म्हणाले नाहीत. पिशवीत हात घातला. मला वाटलं, केळी. निघाली केळीच्या पानात बांधलेली मोगऱ्याची पुडी आणि भिजवलेलं सोपट. "एवढा गजरा बांधून दे. तुझ्या काकूला आता दिसत नाय नीट. आनि बाजारचा तिला चालत नाय."

"रोज देते बांधून."

"रोज नको. शनवारी."

"आठवड्यातून दोन दिवस तरी."

"शनवारी," ते म्हणाले. जन्मात पहिल्यांदा मी घासाघीस करून जास्त द्यायला निघाले होते, आणि तिथेही हरले.

ते गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. फुलं त्यांनी वाडीतून खुडून आणलेली, आणि गाठ तर इथे येऊन बघितली. म्हणजे मॉनिटरला काही झालेलं नाही, हे त्यांना घरून निघतानाच ठाऊक होतं? की ते फुलंच घेऊन येणार होते, आणि मीच मध्ये फोन केला? मला अजून उलगडलेलं नाही.

आता दर शनिवारी येतात. फुलं माझ्यासमोर ठेवतात. गेल्या खेपेस म्हणाले, "जरा लहान बांध. तिचे केस आता तेवढे राहिले नाय." मी बांधत असते, ते खुर्ची ओढून मॉनिटरकडे पाठ करून बसतात.

"कसा आहे?"

"जरा लुकलुकतो," मी सांगते.

"बघू," म्हणतात, आणि बघत नाहीत.