पुरस्कार कुणाला?

मेळाव्याच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘विभागीय ग्रंथपाल मेळावा : ग्रंथालयांचा पुरस्कार’. ‘ॲडव्होकसी’ला मराठी शब्द म्हणून आयोजकांनी ‘पुरस्कार’ शोधून काढला होता. वकिली नको, त्यात कोर्ट येतं. पैरवी नको, ती हिंदी वाटते. शब्द चुकीचा नव्हता, पण पुण्यात पुरस्कार म्हटलं की शाल आणि श्रीफळच डोळ्यांपुढे येतं. मांजरी गावाहून आलेली माझी मैत्रीण, तीही ग्रंथपालच, चक्क पैठणी नेसून आली होती.

“अगं, मिळतोय कुणाला?” तिने हळूच विचारलं.

“कुणालाच नाही. आपण आपलाच करायचाय.”

विनोद केला खरा, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कात्रजला मी एक छोटं ग्रंथालय सांभाळते. तिथली पुस्तकांची कपाटं काढून सगळ्या जागेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका करायचं घाटत होतं. निर्णय ज्यांच्या हातात, तेच साहेब आज प्रमुख पाहुणे होते, आणि त्यांच्यापुढे मला थोडा वेळ बोलायला मिळणार होतं. अभ्यासिकेशी माझं वैर नाही. मुलांना खुर्च्या जरूर द्या. पण पुस्तकं बाहेर काढून ग्रंथालय सुधारायचं, हा हिशेब मला कळत नाही.

साहेब सकाळी येणार होते. जेवणं झाली तरी पत्ता नव्हता. व्यासपीठावर एक गृहस्थ आपलं म्हणणं ठामपणे कसं मांडावं हे सांगत होते, तेही कागदातून डोकं वर न काढता. मी उगाचच उठून चहा घेऊन आले, तो न पिताच खाली ठेवला, पुन्हा उठले. बाहेर गाडी वाजली की मान दाराकडे वळायची. मनात वाक्यं जुळवायची आणि जुळली की ती मलाच मिळमिळीत वाटायची.

“बस की जरा. कपाटं काही आजच उचलत नाहीयेत,” मैत्रीण म्हणाली. मला तिचा रागच आला. तिच्या ग्रंथालयाची इमारत स्वतःच्या मालकीची आहे.

शेवटी साहेब आले ते घड्याळ बघतच. फलक वाचला आणि उभ्याउभ्याच माईक हातात घेतला. “छान. पुरस्कार कुणाला द्यायचाय? बोलवा लवकर, मला पुढे खडकवासल्याला जायचंय.”

आयोजक त्यांना शब्दाचा अर्थ समजावायला लागले. तिथे माझा धीर सुटला. मी तरातरा पुढे गेले.

“साहेब, पुरस्कार आम्हाला देऊ नका. आमचा करा. आमची कपाटं काढू नका.”

सकाळपासून जुळवलेलं एकही वाक्य तोंडात आलं नाही.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, “मॅडम, अभ्यासिका मागायला माझ्याकडे मुलं येतात, त्यांचे आईवडील येतात. पुस्तकं राहू द्या म्हणायला तुमचा वाचक कधी आलेला नाही. आज इथे एखादा आहे का?”

मी मागे वळून पाहिलं. सगळे ग्रंथपाल. वाचकांची गैरसोय नको, म्हणून आम्ही मेळावा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवला होता. त्यांना कळवावं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

“शुक्रवारी घेऊन या,” एवढं म्हणून ते गेले.

परतीच्या बसमध्ये जागा असूनही मी दांडी धरून उभीच राहिले. पुस्तक द्यायचं कसं, परत घ्यायचं कसं, सगळं मला येतं. वाचकाकडे स्वतःसाठी काही मागायचं कसं, ते येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वाचक येऊन बसले तशी मी खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. कपाटं जाणार आहेत. शुक्रवारी माझ्याबरोबर कोण येणार? आवाज चढला होता.

खिडकीपाशी रोज बसणाऱ्या आजोबांनी पुस्तकातून डोकंही वर काढलं नाही.

“अहो मॅडम, हळू. इथे लोक वाचताहेत.”

मला हसू आलं आणि डोळेही भरले. “शुक्रवारी चला आजोबा,” मी म्हटलं, “आणि साहेबांसमोर एवढंच बोला.”